दर्जा अडुसष्ट

४ फेब्रुवारी

साहेबांनी खणातून ही कोरी वही काढली आणि माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "घारसाहेब, रोज दोन ओळी लिहीत जा. उद्या कोणी इतिहास लिहायला बसलं तर कुठेतरी सापडायला हवं." बुडालेल्यांचाही इतिहास लिहितात, हे मी त्यांना बोललो नाही. माणूस आधीच पोखरलेला आहे.

इतिहासकारासाठी थोडक्यात: आम्ही फोटोंची फाइल बनवतो. फोटो कमी जागेत मावावा आणि तरी होता तसाच दिसावा, एवढंच काम. अकरा वर्षं तेच करतोय. लोकांना सांगितलं की ते म्हणतात, "पण तशी फाइल आहेच की." सगळं दुखणं तिथेच आहे. ती आहेच. तीस वर्षांची म्हातारी फाइल प्रत्येक फोनात, प्रत्येक संगणकात ठाण मांडून बसली आहे आणि तिला हलवायची कोणाची छाती नाही. आमच्या फाइलचं कागदोपत्री नाव बारा अक्षरी आहे. आम्ही तिला 'घडी' म्हणतो. नाव बायकोनं दिलं. ती शिवणकाम करते. मी तिला पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा म्हणाली, "म्हणजे कापडाची घालतो तशी फोटोची घडी. एवढंच ना? मग तासभर काय बडबडत होतात?"

ब्राउझरवाल्यांनी आम्हाला दोनदा परत पाठवलंय. ब्राउझर फोटो दाखवणार नसेल तर फाइल जगात असून नसल्यासारखी. आता तिसरी खेप. अट अशी: म्हाताऱ्या फाइलपेक्षा किमान तीस टक्के लहान, आणि डोळ्यांना फरक कळता कामा नये. पंधरा मार्चपर्यंत पाठवा, आम्ही माणसं बसवून बघू, मे महिन्यात सांगू. या वेळीही नाही म्हणाले तर आमचा विभाग बंद. साहेबांनी हे खिडकीकडे तोंड करून सांगितलं.

चौदाजण होतो. आता साहेब, मास्तर, छापखानेवाली आणि मी.

७ फेब्रुवारी

मास्तरनं सकाळी फळ्यावर दोनच आकडे लिहिले. दर्जा ऐंशी: चोवीस टक्के लहान. पाहिजेत तीस. मग खडू खाली ठेवला आणि चहाला गेला.

दर्जा म्हणजे आमच्या फाइलचा कान. पिळला की फाइल लहान होते आणि चित्र थोडं बिघडतं. किती पिळायचा ते मी ठरवतो. मास्तर गणित करतो, पण शेवटी चित्र माणूस बघतो, गणित बघत नाही. मला घार म्हणतात ते उगीच नाही. पाचव्या वर्षी आभाळाच्या फोटोतली एक पुसट पट्टी चौदाजणांत मला एकट्याला दिसली होती, आणि ती खरी निघाली. तेव्हापासून या ऑफिसात मी हो म्हटलं की हो.

१२ फेब्रुवारी

बघायच्या खोलीत नवा स्क्रीन मागवला. जुना मधोमध मळकट झाला होता. छापखानेवाली म्हणाली, "मला तर बरा वाटत होता, सर." ती पंधरा वर्षं छापखान्यात रंग जुळवायला होती. बाई कामाची आहे, पण स्वतःच्या डोळ्यांवर जरा जास्तच भरवसा.

घरी हिनं सुई ओवायला दिली. लग्नापासूनचं हे माझं काम. आजकाल सुयासुद्धा धड बनवत नाहीत, नेढं आहे की नाही कळत नाही. शेवटी तिनंच ओवली. काही बोलली नाही, हे नवल.

१९ फेब्रुवारी

आज अकरा वर्षांतला सगळ्यात मोठा दिवस. 

सहज म्हणून दर्जा खाली आणत गेलो. ऐंशी, अठ्ठ्याहत्तर, पंचाहत्तर. फरक नाही. बहात्तर. नाही! मूळ चित्र शेजारी ठेवून बघितलं, मोठं करून बघितलं, खुर्ची पुढे ओढून बघितलं. अडुसष्टला येऊन थांबलो, कारण त्याखाली जायची मलाच भीती वाटली. म्हाताऱ्या बाईचा लोकरी शालीतला फोटो आहे, आमचा सगळ्यात खट्याळ फोटो, तो अडुसष्टला जसाच्या तसा. सदतीस टक्के लहान!

गेल्या वर्षभरात मास्तरनं गणितात जे केलं त्याचं हे फळ असणार. मी त्याला तसं सांगितलं. तो खूश व्हायला हवा होता. त्यानं दोनदा विचारलं, "नक्की ना? माझे आकडे तसं म्हणत नाहीत रे." मी म्हटलं, "तुझ्या आकड्यांना डोळे नाहीत." त्यानं मान हलवली.

छापखानेवालीला बोलावून दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "शाल गढूळ झालीय, सर. गालावरपण काहीतरी फासल्यासारखं आहे." मी नीट बघायला सांगितलं. ती म्हणाली, "नीटच बघतेय." मला राग आला. चांगली बातमी सहन न होणारी माणसं असतात काही.

२३ फेब्रुवारी

बाथरूमच्या नव्या फरश्या वाकड्या बसवल्यात. रेघा मधोमध लाटा खातात. गवंड्याला बोलावून झापलं. तो बिचारा ओळंबा लावून दाखवत होता, दोरी लावून दाखवत होता. ही मध्ये पडली आणि त्याला चहा देऊन वाटेला लावलं. नंतर म्हणाली, "अहो, एकदा डोळे दाखवून या ना." मी हसलो. हलवायाला साखर कशी असते ते विचारण्यासारखं झालं. पंधरा मार्चनंतर बघू म्हटलं.

२ मार्च

बघण्याची चाचणी झाली. पंधराजण. बाजूच्या विभागांतले, दोघे पहारेकरी, साहेबांची मेहुणी, आणि नियमाप्रमाणे छापखानेवाली. करड्या भिंतींची खोली, वर मूळ चित्र, खाली दोन. कोणतं मुळाच्या जवळचं ते सांगायचं. शंभर जोड्या, ऐंशीपासून अडुसष्टपर्यंत वेगवेगळ्या दर्जांच्या.

यात आमची एक गाळणी असते. शंभरांत वीस जोड्या कसोटीच्या. त्यांची उत्तरं आधीच ठरलेली असतात, आणि ती ठरवतो मी. ज्याची त्यातली पाचपेक्षा जास्त चुकतात, तो लक्ष देऊन बघत नव्हता असं धरून त्याचा पूर्ण कागद बाद. दुसरे लोक यंत्रानं उत्तरं ठरवतात. आम्ही सहा वर्षांपूर्वी ठरवलं की घारीच्या डोळ्यापेक्षा यंत्र मोठं नाही. मास्तरनंच सुचवलं होतं ते.

या वेळी पंधरांतले सहा गळाले. इतके कधी गळत नाहीत. गळालेल्यांत छापखानेवालीही! वीसपैकी अकरा चुकली. राहिलेल्या नऊजणांच्या मते अडुसष्ट ठीक आहे.

मास्तर म्हणाला, "सहा फार होतात रे." मी म्हटलं, "पहारेकरी झोपाळलेले होते आणि मेहुणी फोनवर." ते खरंच होतं. छापखानेवालीचं मात्र मला वाईट वाटलं. वय झालं की डोळे जातात, कोणी मान्य करत नाही.

५ मार्च

छापखानेवाली साहेबांकडे जाऊन बसली होती. तिचं म्हणणं, अडुसष्ट पाठवलं तर तोंडघशी पडू. साहेबांनी मला विचारलं. मी म्हटलं, ऐंशीवर राहिलो तर चोवीस टक्के, म्हणजे मरण ठरलेलं. अडुसष्टवर सदतीस. आणि गाळणी सगळ्यांना सारखी.

साहेबांनी मला लेखी द्यायला सांगितलं. मी दिलं: सदर बाईंची नजर या कामासाठी आता भरवशाची राहिलेली नाही. दोन ओळी, खाली सही. तिचा करार या महिन्याअखेर संपतो, तो पुढे चालवणार नाहीत. हे मला साहेबांनी नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तरी मी लिहिलंच असतं. खरं ते खरं.

१४ मार्च

घडी पाठवली. दर्जा अडुसष्टवर गोठवून. आता त्यात कानामात्रेचा बदल करता येणार नाही, तशीच अट आहे. साहेबांनी बटण मला दाबायला लावलं. चौघांनी टाळ्या वाजवल्या. खरं म्हणजे तिघांनी. छापखानेवाली बॅग आवरत होती.

३० मार्च

तिचं टेबल रिकामं झालं. जाताना मला म्हणाली, "येते, सर. तब्येतीला जपा." मी म्हटलं, मला काय धाड भरलीय? ती हसली नाही.

१६ एप्रिल

काही घडत नाही. ऑफिसला जातो, बसतो, येतो. मास्तर फळा पुसतो आणि काही लिहीत नाही. जिन्यावरचे दिवे मंद केलेत, शेवटची पायरी चुकली, पडलो नाही. वर्तमानपत्राची शाई फिकी झालीय. ही हल्ली दमलेली दिसते. चेहराच नीट दिसत नाही तिचा, इतकी उतरलीय. तिला म्हटलं, कामं कमी घे. ती माझ्याकडे बघत राहिली आणि आत निघून गेली.

आशा नाही असं म्हणवत नाही आणि आहे असंही म्हणवत नाही. अकरा वर्षं या एका 'हो'साठी घालवलीत. ते आलं नाही तर मी या अकरा वर्षांचं काय केलं असं कोणाला सांगू?

८ मे

आलं. दोन ओळी.

"सध्याच्या फाइलींच्या तुलनेत पुरेसा फायदा दिसत नसल्यानं हा फॉरमॅट पुढे न नेण्याचं ठरलं आहे. ब्राउझरमधला त्याचा प्रायोगिक आधारही पुढच्या आवृत्तीतून काढण्यात येईल."

धड कारण नाही, आकडे नाहीत. कोणी बघितलं, किती बघितलं, काही नाही. साहेबांनी मोठ्यानं वाचलं, मग परत एकदा मनातल्या मनात वाचलं. मास्तर म्हणाला, "संपलं म्हणजे." मी भांडायला उठलो होतो, पण भांडायचं कोणाशी? त्यांच्याकडे हे ठरवणारा जो मुख्य आहे त्याला आम्ही दरवान म्हणतो. अकरा वर्षांत त्याला दोनदा भेटलोय. हात चांगला घट्ट मिळवतो.

घरी येऊन हिच्यासमोर रडलो. आईच्या वेळीही इतका रडलो नव्हतो.

२० मे

ही मला अक्षरशः हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईकडे घेऊन गेली. माझ्यात विरोध करायचा जोर नव्हता.

बाईनं एक कागद दिला. त्यावर चौकटी, बारीक, सरळ रेघांच्या, मध्ये एक ठिपका. डावा डोळा झाका म्हणाली, मग उजवा. आयुष्यभर मी चौकटींचंच काम केलंय. आमची फाइल चित्राचे असेच चौकोनी तुकडे पाडते आणि एकेक घडी घालते. चौकट कुठे किती मोडली हे माझ्याइतकं कोणाला कळणार?

उजव्या डोळ्यानं बघितलं तर रेघा मधोमध लाटा खात होत्या. डाव्यानं बघितलं तर ठिपकाच नव्हता. ठिपक्याच्या भोवतालच्या चौकटीही नव्हत्या. तिथे राख फासल्यासारखं काहीतरी होतं. मी म्हटलं, "छपाई खराब आहे, दुसरा कागद द्या." तिनं दिला. तोही तसाच. मग तिनं तो कागद हिच्या हातात दिला आणि विचारलं, "तुम्हाला कसा दिसतो?" ही हळूच म्हणाली, "सरळ आहे सगळं."

डाव्या डोळ्याचा मधला भाग जाऊन वर्ष तरी झालंय, डॉक्टरीणबाई म्हणाली. उजवा त्याचं काम ओढत होता म्हणून कळलं नाही, आता तोही चाललाय. डोळ्यात इंजेक्शनं द्यायची. गेलेलं परत येत नाही, उरलेलं टिकवायचं. कडेचं दिसत राहील, मधलं नाही.

"काम काय करता?" तिनं विचारलं. मला सांगता आलं नाही. हिनं सांगितलं.

२१ मे

सकाळी हिला संगणकासमोर बसवलं. शालवाल्या बाईचा फोटो, मूळ आणि अडुसष्टचा. कोणता कोणता ते सांगितलं नाही.

क्षणभरही विचार न करता तिनं बोट ठेवलं. "याची वीणच गेलीय की. कापड राहिलंच नाही यात. जास्त तापलेली इस्त्री फिरवल्यावर लोकर चपटी होते ना, तशी. आणि हे काय, बाईच्या गालावर साय आलीय."

मी विचारलं, "आणि त्यात?" "त्यात एकेक धागा मोजून घ्या."

मी पुढे वाकून बघितलं. मला दोन्ही सारखी दिसत होती. अजूनही सारखीच दिसतात.

म्हणजे फरश्या सरळ होत्या. स्क्रीन मळका नव्हता. ही उतरलेली नव्हती, मला तिचा चेहरा दिसत नव्हता. आणि ते सहाजण. देवा! मी बरोबर बघणाऱ्यांना गाळलं आणि बाकीच्यांना ठेवलं.

२४ मे

मास्तरकडे जाऊन सगळं सांगितलं.  मी म्हटलं, "तुला शंका होती का?" तो म्हणाला, "होती." "मग बोलला का नाहीस?" "बोललो की दोनदा. तिसऱ्यांदा वाटलं, हा अकरा वर्षं बरोबर निघालाय, आपणच चुकत असू."

मग तो संगणकाकडे वळला. पंधराच्या पंधरा कागद त्यानं ठेवले होते, बाद केलेलेही. दुपारभर गणित करत होता. मी शेजारी बसून होतो. शेवटी त्यानं चष्मा काढला.

"सगळे धरले तर अडुसष्ट सपशेल आपटतं."

"ते कळलं रे. पुढे सांग."

"नको विचारूस."

"सांग."

"चौऱ्याहत्तरला कोणालाच फरक कळत नाही. पंधरापैकी एकालाही नाही. आणि चौऱ्याहत्तरला फाइल एकतीस टक्के लहान आहे."

तीस हवे होते. घडीत काही खोट नव्हती. मास्तरच्या गणितात खोट नव्हती. अटीत बसत होती, आणि एक टक्का वर होता. ऐंशी आणि अडुसष्टच्या मध्ये कुठेतरी मला थांबता यायला हवं होतं. धड डोळ्यांचा कोणीही माणूस थांबला असता.

मास्तर माझ्या पाठीवर हात ठेवून बसला. तो हात मला नको होता, पण काढ म्हणवलं नाही.

२८ मे

छापखानेवालीला शोधत गेलो. बाटल्यांची लेबलं छापणाऱ्या एका कारखान्यात लागलीय. गठ्ठे मोजायला. रंग जुळवायला घेतलं नाही. आधीच्या ठिकाणाहून नजरेबद्दल लेखी शेरा होता म्हणे. कोणी लिहिला ते दोघांनाही माहीत होतं.

बाहेरच्या बाकावर बसलो. मी माफी मागितली. ती म्हणाली, "मला फेब्रुवारीतच कळलं होतं, सर. तुम्ही बोलताना माझ्या कानाकडे बघायचात. आधी वाटलं, राग आहे माझ्यावर. मग लक्षात आलं, सगळ्यांच्याच कानाकडे बघता."

"मग मला सांगायचं नाही का हो?"

"सांगितलं होतं की. शंभर जोड्या बघून सांगितलं. तुम्ही गाळलंत."

तिनं हे चढ्या आवाजात म्हटलं नाही. मी साहेबांना सांगून शेरा मागे घ्यायला लावतो म्हटलं. ती म्हणाली, "घ्या. पण ती जागा भरली आता." आतून हाक आली आणि ती उठून गेली. मी तसाच बसून राहिलो. कुठल्या बाजूनं आलो होतो तेच उमगेना. शेवटी एका कामगाराला विचारून फाटक शोधलं.

१ जून

दरवानाला पत्र लिहिलं. मी बोललो, मास्तरनं टंकलं. काही लपवलं नाही. डोळे, गाळणी, सहाजण, छापखानेवाली, सगळं. शेवटी लिहिलं: चूक फॉरमॅटची नाही, माझी आहे. मला काही नको. एकदाच, चौऱ्याहत्तरवर ठेवून बघा. सोबत पंधराजणांचे कागद जोडले आहेत.

मास्तर म्हणाला, "त्यांनी आधार काढूनसुद्धा टाकला असेल." मी म्हटलं, परत घालायला एक दिवस लागतो. तो म्हणाला, "परत घालायला माणसं लागतात, दिवस नाही लागत."

साहेबांनाही सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "तुम्ही बसा घरी आता. आराम करा." विभाग महिनाअखेर बंद होतोय. करड्या भिंतींच्या खोलीत खुर्च्या रचून ठेवणार आहेत.

९ जून

उत्तर नाही. पहिलं इंजेक्शन तेरा तारखेला.

माझ्या पत्राचं उत्तर आलं नाही तरी चालेल असं मी हिला म्हणतो. खोटं आहे ते. दिवसातून वीस वेळा तिला फोन बघायला लावतो. माझा मेल आता तिच्याच फोनवर घेतलाय. तिची सगळी गिऱ्हाइकं त्याच फोनवर, शेकडो निरोप, मापं, रंग, तारखा. आजवर एक निरोप हरवला नाही की एक माप चुकलं नाही. मी तिला म्हटलं, आमच्या ऑफिसात तू हवी होतीस. ती म्हणाली, "मी असते तर तुम्हाला फेब्रुवारीतच डॉक्टरकडे नेलं असतं." मग स्वतःच उठून कात्री शोधायला लागली. सुई ओवायला दिली त्या दिवसापासून तिला ठाऊक होतं, आणि ती मी चिडेन म्हणून घाबरत होती. हे तिनं सांगितलं नाही, पण मी काही इतकाही आंधळा नाही.

१४ जून

उजव्या डोळ्यावर पट्टी आहे. डाव्याच्या कडेनं बघून लिहितोय. पानावर पाचच ओळी मावतात. वाचता येईल तर वाचा.

उत्तर आलं.

ही मशीनवर बसली होती. मशीन थांबलं. म्हणाली, "अहो, आलं हो. बरंच लांब आहे." मी म्हटलं वाच. ती म्हणाली थांबा, आधी मला बघू दे. मग खूप वेळ मनातल्या मनात वाचत राहिली. नाक ओढल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "काय म्हणतोय?" म्हणाली, "वाचते ना. सर्दी झालीय."

मग तिनं वाचलं. चार ओळी निघाल्या. दरवान म्हणतो की तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. आमचा निर्णय फेब्रुवारीतच झाला होता. तुमची चित्रं आमच्यापैकी कोणी उघडूनही बघितली नाहीत, त्यामुळे अडुसष्ट असो की चौऱ्याहत्तर, काही फरक पडला नसता. डोळ्यांची काळजी घ्या आणि वेळच्या वेळी जेवत जा.

माणूस वाटतो त्यापेक्षा बरा निघाला. जेवणाचं विचारेल असं वाटलं नव्हतं.

मी परत वाचायला सांगितलं. या वेळी फेब्रुवारीच्या जागी जानेवारी आलं आणि जेवायचं राहिलं. दमली असेल. मी म्हटलं, मास्तरला पाठव, त्यालाही बघू दे. ती म्हणाली, "अय्या, पुसलं गेलं हो हातून." आता पुसलं तर पुसलं.

ती माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "बघा, म्हणजे तुमची काही चूक नव्हती. आता तरी मनाला लावून घेऊ नका." माझा हात हातात घेतला होता. तिचा हात गार पडला होता.

कोणी बघितलंच नाही. महिनाभर मी रोज मरत होतो, पण निदान एवढं वाटत होतं की तिकडे कुठल्यातरी खोलीत कोणीतरी खुर्ची ओढून आमच्या चित्रासमोर बसलं होतं. शालीकडे बघून म्हणालं होतं, छे, ही गढूळ आहे. त्याच्यासाठी तर अकरा वर्षं केलं सगळं. ती बसलेली माणसं माझ्याकडे शेवटची उरली होती. चूक माझी असलेली मला चालली असती.

ती विचारत होती, "बरं वाटलं ना?" आवाजात इतकी आस होती तिच्या.

मी म्हटलं, "हो. खूप हलकं वाटलं." ती उठली, मशीनवर जाऊन बसली, आणि कितीतरी दिवसांनी शिवताना गुणगुणायला लागली.